बाबांच्या चार मुठी

बाबा गेले ते भर पावसाळ्यात, होड्या वर ओढून ठेवलेल्या असताना. आमच्या दांडी गावात याला लोक बरं मरण म्हणतात, समुद्राने नेलं नाही म्हणून. मला त्यात काही बरं दिसलं नाही. सकाळी बोईसरच्या दवाखान्यातून त्यांना घरी आणून ओटीवर निजवलं. बायका रडायला बसल्या आणि मी आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप शोधायला लागले.

"हिमानी दगडाची गो," कुणीतरी म्हणालं. म्हणू देत. मी बोईसरच्या एका क्लासमध्ये गणित शिकवते, लोकांचं ऐकून घ्यायची मला सवय आहे. शिवाय वेळ थोडा होता. दुपारी बाबांना नेलं की तो हात पुन्हा मिळणार नव्हता.

आमची डोल, म्हणजे प्रवाहात तोंड उघडं ठेवून लावायचं लांब जाळं, समुद्राच्या तळाशी ठोकलेल्या खुंटांना बांधतात. आमचे खुंट आजोबांच्या वेळचे. पावसाळ्याआधी वरचे दोर आणि तरंगते बोये काढून घेतात, मग पाण्यावर काहीच खूण उरत नाही. नारळी पौर्णिमेनंतर खुंट पुन्हा शोधायचे ते किनाऱ्याकडे बघून. बाबांची रीत ठरलेली होती. देवळाचा कळस आणि त्यामागचा मोबाईलचा टॉवर एका रेषेत आणायचे. ती रेषा न सोडता समुद्रात आत जात राहायचं. जसजसं आत जावं तसतसा कळस आणि वीजकेंद्राची चिमणी एकमेकांजवळ सरकतात. हात लांब करून, मुठीला मूठ लावून मोजायचं, आणि दोघांमध्ये बरोब्बर चार मुठी उरल्या की होडी थांबवायची.

गेल्या वर्षी बाबा तापाने पडले म्हणून माझा धाकटा भाऊ कुंदन एकटा गेला. त्याने चार मुठी मोजल्या, दिवसभर तळाशी लोखंडी आकडा फिरवला आणि हात हलवत परत आला. बाबा हसले. "त्या माझ्या मुठी हायत रे. तुझ्या नाय." बरे झाल्यावर त्यांनी स्वतः जाऊन खुंट शोधून दिले. जागा फोनवर टिपून ठेवा, असं मी सांगितलं तर म्हणाले, "फोन पान्यात पडतो, हात नाय पडत." कुंदनने तरीही गुपचूप टिपली, आणि तो फोन मे महिन्यात खरंच पाण्यात पडला. बाबांची वाणी अशी खरी व्हायची, चिडावं की हसावं कळत नसे.

कुंदन आधी बोईसरच्या एका रसायनांच्या कारखान्यात होता. तिथल्या वासाने छातीत बसलेला खोकला होडीवर आल्यावर कसाबसा गेला. नवे खुंट ठोकणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. जुने सापडले नाहीत तर त्याला पुन्हा त्याच वासात जाऊन उभं राहावं लागणार होतं.

मी टेप घेऊन बाबांजवळ बसले. तात्या, बाबांचे थोरले भाऊ, दारातून ओरडले, "मयताचं माप काढतात काय गो?"

"तिरडीचे बांबू मापूनच आणलेत ना, तात्या?"

मी जास्त बोलले हे मला कळलं, पण टेप खाली ठेवली नाही.

हात आखडत चालला होता. कुंदनने तो हळूहळू उचलून सरळ धरला. मी टेप खांद्याला लावली आणि थांबले. बघतो तो डोळा, खांदा नाही. टेपचं टोक मी बाबांच्या मिटलेल्या पापणीशी धरलं.

पुढे मूठच होईना. बोटं अर्धवट उघडी राहिली. शिवाय अंगठा आत की बाहेर? बोटभर फरक पडला तर होडी दूर कुठल्या कुठे जाणार. कुंदनला आठवेना. तेव्हा कोपऱ्यात बसलेली आई उठली.

"आंगठा आत," ती म्हणाली. "रोज सांजेला सूर्याखाली मूठ धरीत. अजून दोन मुठी दिवस हाय, वाळत टाकलेली मासली उचलू नको, असं सांगीत मला."

तिने खोबरेल कोमट केलं. एकेक बोट चोळत, वाकवत, अंगठा आत घालून तिने ती मूठ मिटली आणि आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवली. "घे माप," ती म्हणाली. तात्यांनी तोंड फिरवलं.

बाकीचं काम सोपं होतं. कळसापासून चिमणीपर्यंतचं अंतर नकाशावर मिळालं. कळसापाशी टॉवरची रेषा चिमणीच्या रेषेशी किती कोन करते, तेही तिथेच मोजलं. समुद्रातला कोन बाबांच्या मुठीची रुंदी आणि तिचं डोळ्यापासूनचं अंतर यांनी दिला. पुस्तकं एक मूठ दहा अंशांची धरतात, बाबांची नऊपेक्षा थोडी जास्त भरली. एक बाजू आणि दोन कोन हाती आले की त्रिकोण सुटतो. तिसरा कोन वजाबाकीने मिळतो, उरलेल्या बाजू साइनच्या नियमाने. मुलांना मी हे कितीदा फळ्यावर करून दाखवते, पण तेव्हा त्रिकोणाच्या टोकाला कुणाचा भाऊ उभा नसतो. कुंदनची मूठ लहान, हात लांब. तो गेल्या वर्षी जवळजवळ किलोमीटरभर पुढे गेला होता.

समुद्र खुला झाल्यावर मी त्याच्याबरोबर होडीत बसले. होडी पाण्यात लोटायला तात्याच आले. कळस आणि टॉवर एका रेषेत ठेवून आम्ही निघालो, फोनवर अंतर भरलं तिथे थांबलो, आणि त्या रेषेवर मागेपुढे आकडा फिरवत राहिलो. काहीच लागेना. कुंदन माझ्याकडे बघायचं टाळत होता. मग दोराला हिसका बसला आणि तो ताणलेलाच राहिला.

"लागला!" कुंदन ओरडला. "ताई, खुंट हाय!"

त्याने दोराला बोया बांधला. मग उभं राहून हात लांब केला आणि कळसापासून चिमणीपर्यंत मुठीला मूठ लावत गेला. पुन्हा एकदा मोजून बघितलं.

"साडेचार," तो म्हणाला. "माझ्या साडेचार मुठी."

हे मोजमाप आता त्याचं झालं होतं. तो पुन्हा चुकणार नव्हता आणि बाबांच्या हाताची गरज यापुढे कुणालाच पडणार नव्हती. मी त्याला शाबास म्हणायला तोंड उघडलं आणि मला रडू फुटलं.