ओढणीखालचा कान

अरीबाचे दोन्ही गाल फुगले तेव्हा जमिलाला आधी हसूच आलं. सात वर्षांची बारकी पोर आणि तोंड पुरीसारखं टम्म! मग तिने पोरीच्या कपाळाला हात लावला, तर अंग नुसतं तापलेलं.

पनवेलच्या डॉक्टर आशालता म्हणाल्या, "गालगुंड आहे. यावर खास औषध नसतं, आपोआप उतरतं. तापाचं सिरप, भरपूर पाणी आणि मऊ पेज द्या. शाळा बंद. उलट्या झाल्या, मान आखडली किंवा ऐकू कमी आलं, तर लगेच या."

"पण सरकारी दवाखान्यातल्या सगळ्या सुया घेतल्यात हिनं."

"त्यांत गालगुंडाची नव्हती."

औषध नाही, हे जमिलाला पटणं शक्यच नव्हतं. नवरा मोहसीन कतारला. पोर आजारी असताना आपण हातावर हात ठेवून बसायचं? तिने माहेरच्या रीतीने आंबेहळदीचा जाड लेप दिला, वर कापूस ठेवला आणि कानांवरून ओढणी आवळून बांधली.

"अम्मी, या कानात गुणगुण होतेय."

"कापूस आहे ना बेटा. राहू दे."

हाक मारली तरी पोर ओ देईना. जमिला म्हणाली, ओढणीमुळे. मोहसीनचा फोन आला, अरीबाने तो डाव्या कानाला लावला आणि म्हणाली, "अब्बा बोलतच नाहीत." तेही ओढणीमुळेच! बिचाऱ्या ओढणीवर किती खापर फोडावं माणसाने?

ताप गेला, गाल बसले. जमिलाने स्वतःच्या हातगुणावर खूश होत लेप धुतला. पुन्हा फोन आला. अरीबाने तो उघड्या डाव्या कानाला लावला.

"अब्बा आजपण बोलत नाहीत."

जमिलाने तिला तडक दवाखान्यात नेलं.

तपासण्या झाल्या. उजवा कान चांगला होता, डावा गेला होता. तो परत येणं कठीण, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"लगेच आणलं असतं तर?"

डॉक्टर म्हणाल्या, "वाचला असता असं नाही सांगता येत. पण प्रयत्न करता आला असता."

बाहेर बाजारात अरीबा आईचं बोट धरून रमतगमत चालली होती. जमिलाचे डोळे वाहत होते. "माफ कर मला, बेटा," ती म्हणाली. अरीबा तशीच चालत राहिली. जमिला तिच्या डाव्या हाताला होती.

भर गर्दीत ती थांबली, वळसा घालून पोरीच्या उजवीकडे आली आणि तेच पुन्हा म्हणाली.

"कशाबद्दल, अम्मी?"

जमिलाने तिला सगळं सांगितलं.