गॅसचं नाव

“त्या माणसाचं नाव सांगा,” नव्या कायद्यासाठी नेमलेल्या समितीच्या अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. नर्सबाईनं घोटभर पाणी पिऊन पेला खाली ठेवला.

“मला आवाज तेवढा ठाऊक आहे.”

हे धडधडीत खोटं होतं. आवाजाचा धनी मागच्या रांगेत बसला होता आणि तिचा नवरा होता. काही वर्षांपूर्वी कारखान्यातून वायू गळला, तेव्हा तिचा वॉर्ड धापा टाकणाऱ्या माणसांनी भरून गेला. गॅस कसला ते कळल्याशिवाय उपचार ठरेनात. तिनं कारखान्याला फोनवर फोन लावले. तिथल्या टेलिफोन ऑपरेटरला वरून तंबी होती, अवाक्षर काढायचं नाही. शेवटी त्यानं हळूच गॅसचं नाव सांगितलं आणि फोन ठेवून दिला. कितीतरी जीव वाचले. पुढे आभार मानायला म्हणून ती त्याला शोधत गेली, ती त्याचीच होऊन बसली.

“पुरावा नसेल तर कारखान्यानं माहिती दडवली हे कसं मानायचं?” अध्यक्ष म्हणाले. “मग माहिती देण्याच्या सक्तीचं कलम कायद्यात घालायचं कशाच्या जोरावर?”

तिनं मागच्या रांगेकडे पाहायचं टाळलं. नवरा अजून त्याच कारखान्यात नोकरीला होता.

मागे खुर्ची सरकली.

“तो आवाज माझा,” नवरा उभा राहत म्हणाला.

“मनाई असताना का सांगितलंत?”

“काय करणार साहेब? बाई ऐकेचनात. अजूनही ऐकत नाहीत.”

सभागृहात हसू फुटलं. ती मात्र रडकुंडीला आली होती. बाहेर येताच तिनं त्याचा दंड धरला.

“गप्प बसायचं ठरलं होतं ना आपलं?”

“तुझं ठरलं होतं.”

महिनाभरात त्याची नोकरी गेली. वर्षभरात कायदा आला. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून त्यानं पेपरातलं कलम मोठ्यानं वाचलं: गळती होताच, कुणी विचारायची वाट न पाहता, कारखान्यानं रुग्णालयाला वायूचं नाव कळवायचं.

“पुढे वाच.”

“संपलं.”

“आणि ज्यानं आधी सांगितलं त्याचं काय? त्याच्यासाठी एक ओळ नाही?” तिचा आवाज चढला.

“त्याला मिळालं की त्याचं.”

“काय मिळालं? सांग तरी.”

तो पेपरची घडी घालत राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तिनं आपल्या कपातला अर्धा चहा त्याच्या रिकाम्या कपात ओतला.