इथल्या उन्हातला साप

मातीनाला सापांची भीती वाटत नसे, किळस वाटायची. बारमाही उकाड्याच्या डार्विनमध्ये चाळीस वर्षं काढलेली बाई. अंगणात साप निघाला तर झाडू आपटून हाकलायची आणि पुन्हा कामाला लागायची. पण साप घरात आणायचा, त्याला नाव ठेवायचं, खाऊपिऊ घालायचं? शी शी शी!

"पाळायला दुसरं काही उरलं नाही का रे जगात?" तिने मुलाला विचारलं.

"आई, मी शब्द दिलाय टॅम्सिनला," मिहालिस म्हणाला. "डार्विनला चल, साप घेऊन देतो, एवढ्यावर आलीय ती. साप नाही मिळाला तर जाईल बापाकडे, दूर थंड मुलखात, बॅलरॅटला. ती गेली की कोरिना जाणार, आणि कोरिना गेली की मी."

"म्हणजे माझं घर आता सापाच्या शेपटीला बांधलंय म्हण!"

टॅम्सिन ही सुनेची, म्हणजे कोरिनाची, पहिल्या लग्नाची मुलगी, अकरा वर्षांची. येऊन महिना झाला होता. पहिल्याच दिवशी तिने कपड्यांच्या दोरीवर, चादरींच्या शेजारी, वाळत घातलेला ऑक्टोपस पाहिला आणि जिन्यातच भडाभडा ओकली. आता मातीना कालिम्नोस या ग्रीक बेटावरची. तिच्या माहेरी ऑक्टोपस दोरीवरच वाळतो, दुसरीकडे कुठे वाळणार? पण तेव्हापासून पोरगी खोलीचं दार लावून, एसी अठरावर ठेवून आत बसायची. जेवणाचं ताटसुद्धा आतच. मातीनाच्या जिवाला ते फार लागलं होतं.

मिहालिस बंदरावर, कोरिना हॉस्पिटलात. पोरीला गावाबाहेर हम्प्टी डूला, साप विकणाऱ्या एरलच्या शेडवर न्यायचं काम शेवटी मातीनाच्याच गळ्यात पडलं. नोव्हेंबर, म्हणजे इथला ऐन उकाडा, अंगाची नुसती चिकचिक, आणि शेडमध्ये शिरताच ओल्या गोणपाटाचा आणि उंदरांच्या मुताचा भपकारा. मातीनाने रुमाल नाकाला लावला तो लावलाच. एरल अनवाणी फिरत होता. फडताळातले प्लास्टिकचे खण तो एकेक करून ओढायचा, आणि प्रत्येकात एकेक वेटोळं.

"हा!" टॅम्सिनने एका हिरव्यागार वेटोळ्यावर बोट ठेवलं.

"दिसायला देखणा, पण स्वभावाने खडूस," एरल म्हणाला. "हात घातला की चावतो. नवशिक्याचं काम नाही ते."

"वाढतो केवढा?" मातीना रुमालातूनच बोलली. "घाण किती वेळा करतो? वास मारतो? पेटीतून सुटतो का?"

"वा काकू! बरोब्बर विचारताय. लोक मेले रंग बघून नेतात आणि महिन्याने तोंड वाकडं करून परत आणतात."

मातीनाला कौतुक नको होतं, तिला घरी जायचं होतं. तेवढ्यात टॅम्सिनने हळूच विचारलं, "बॅलरॅटच्या थंडीतही राहील असा आहे का एखादा?"

म्हणजे पोरगी अजून जायच्याच तयारीत होती.

"आहे की, दक्षिणेकडचा डायमंड अजगर." एरलने पिवळ्या ठिपक्यांचा काळा साप दाखवला. "गारठा सोसतो. पण इथल्या उकाड्यात कुढतो बिचारा. तू राहणार कुठे, ते सांग आधी."

पोरगी त्या काळ्या सापाकडेच बघत राहिली.

"इथलाच दाखवा," मातीना घाईने म्हणाली. "इथल्या उन्हातला."

एरलने एक बारकी तपकिरी मादी काढली. "ही चिल्ड्रन्स पायथन, अजगरातली छोटी जात. मीटरभर होईल फार तर, गरीब स्वभावाची. आठवड्याला एक उंदीर दिला की झालं. दिवा नको, हीटर नको, डार्विनचा उकाडाच पुरे हिला."

टॅम्सिनने मातीनाकडे पाहिलं. "तुम्ही धरा."

"मी? का म्हणून?"

"तुम्हाला घाण वाटते. उद्या फेकून द्याल. धरलीत तर ही घेईन, नाहीतर तो काळा."

मातीनाने रुमाल खिशात घातला आणि हात पुढे केले. आयुष्यभर मासे, माकुल, ऑक्टोपस साफ केलेले हात ते. पण मेलेलं जनावर निदान पडून तरी राहतं. हे आपलं आपण चालत होतं, कोरडं, कोमट, मनगटाला विळखा घालत. तिच्या अंगावर सरसरून काटा आला, घशाशी सकाळची कॉफी आली. सापाने बाहीत डोकं खुपसलं आणि मग तळहातावर पचकन पांढरी-पिवळी घाण केली.

"अगं आई गं! घ्या हो, घ्या हिला!"

टॅम्सिन हसली. महिन्याभरात पहिल्यांदाच, पोट धरून हसली. "हीच," ती म्हणाली.

साप घरी आला. सोबत गोठवलेल्या उंदरांचं पाकीट आलं, तेही फ्रीजरमध्ये, ऑक्टोपसच्या उशाला. मातीनाने त्याला तीन पिशव्या घातल्या, तरी फ्रीजर उघडताना ती नाक दाबायची.

तीन आठवडे झाले, सापाने उंदराला तोंड लावलं नाही. मग त्याच्या तोंडातून शेंबडासारखे बुडबुडे यायला लागले. मातीनाने एरलला फोन केला.

"खोलीत ऊब किती आहे?"

"अहो, डार्विनमध्ये उबेला काय तोटा?"

"गावाची नाही काकू, खोलीची विचारतोय."

"अठरा," मातीना म्हणाली, आणि तिची तिलाच लाज वाटली.

"कमाल केलीत! डार्विनमधलं जनावर घेतलंत आणि बॅलरॅटमध्ये ठेवलंत. डॉक्टरला दाखवा, आणि आधी त्या गारठ्यातून काढा, नाहीतर मरेल."

डॉक्टरनेही इंजेक्शन देऊन तेच सांगितलं. मातीना टॅम्सिनच्या दारात उभी राहिली. जीभ रेटत नव्हती, तरी म्हणाली, "माझ्या खोलीत ठेव हिला. माझ्याकडे एसी नाही."

टॅम्सिनने तिच्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

मातीनाने तरी पलंगाशेजारचं टेबल रिकामं केलं. उशाशी साप! नुसत्या विचाराने दिवसभर तिच्या अंगाला खाज सुटली. दुसऱ्या सकाळी ती पेटी न्यायला गेली, तर दार सताड उघडं. एसी बंद, खिडकीच्या काचपट्ट्या उघड्या, आतून भट्टीसारखी झळ येत होती. टॅम्सिन जमिनीवर बसली होती, केस कपाळाला चिकटलेले, तोंड लालबुंद.

"तुझ्या खोलीत नको. ही माझी आहे," ती म्हणाली. "बाबाला फोन केला मी. म्हटलं, बॅलरॅटला येत नाही. ही तिकडे जगायची नाही."

मातीनाने पंखा तेवढा लावला.

पुढच्या आठवड्यात बुडबुडे थांबले. दुपारी वरून हाक आली, "मातीना, उंदीर आण ना! मी नाही त्या फ्रीजरमध्ये हात घालणार. तुझा तो आठ पायांचा आहे तिथे. शी!"

"शी कुणाला म्हणतेस गं भवाने?" मातीना ओरडली.

तिने तीन पिशव्या सोडल्या, तोंड फिरवून दोन बोटांनी एक उंदीर शेपटीला धरून उचलला आणि पिशवीत घालून कोमट पाण्यात सोडला. उरलेले मोजले, तर सोळा. म्हणजे जेमतेम चार महिन्यांचेच. तिने हात दोनदा साबणाने धुतले आणि एरलला फोन लावला.

"वर्षभराचे पाठवा," ती म्हणाली.