डोळ्याचं रबर

मंजुषाचं चित्त सकाळपासून थाऱ्यावर नव्हतं, आणि त्याला कारण होतं दोन बोटं रुंदीचं एक रबर. कॅमेऱ्याला मागून डोळा लावून बघायची जी लहानशी खिडकी असते, तिच्याभोवती ते बसतं. कंपनीवाले त्याला आयकप म्हणतात, चौसाळ्यात सगळे डोळ्याचं रबर म्हणतात. मंजुषाच्या कॅमेऱ्याचं हे रबर उन्हानं वाळून कडक झालं होतं. त्याची एका बाजूची खाच तुटली होती, त्यामुळं ते कधी ओढणीत अडकून निघायचं, तर कधी नुसतंच आपल्या मर्जीनं गळून पडायचं. नारायणगडाच्या जत्रेत ते असंच पडलं, तेव्हा एका म्हाताऱ्या बाईनं देवाचं काहीतरी समजून उचललं आणि कपाळाला लावलं. आज सकाळी मात्र पुसता पुसता त्याचे दोन तुकडे झाले.

आणि उद्या तेलगावला लग्न होतं. मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा, मांडव उघड्या रानात. रबर नसलं की बाजूनं ऊन आत शिरतं आणि समोरचा माणूस दिसायच्या जागी काचेत आपलीच पापणी दिसते. मागचा स्क्रीन तर उन्हात नुसती काळी पाटी. नवं रबर मोबाइलवरून मागवलं होतं, पण ते यायला तीन दिवस लागणार होते.

लग्न साधं नव्हतं. म्हणजे लग्न साधंच होतं, मंजुषासाठी नव्हतं. तिचे वडील सोमेश्वर यांनी तीस वर्षं पंचक्रोशीतल्या लग्नांचे फोटो काढले आणि आता गुडघ्यांनी त्यांना घरी बसवलं. कॅमेरा पुतण्याला, पप्पूला द्यायचं त्यांच्या मनात होतं. मंजुषानं आठवडाभर घर डोक्यावर घेतलं तेव्हा ते म्हणाले, "एक लग्न काढून दाखव. जमलं तर कॅमेरा तुझा. न्हाई तर सोमवारी पप्पू येऊन घिऊन जाईल. तू स्टुडिओत बसून पासपोर्टचे फोटो काढ."

दुपारी ती हायवेवरच्या वाहेदचाचाच्या पंक्चरच्या दुकानात जाऊन उभी राहिली. वाहेदचाचानं तुटके तुकडे तळहातावर घेतले, कॅमेरा डोळ्याला लावून रस्त्यावरचा एक ट्रक बघितला आणि मान डोलावली. जुन्या ट्यूबचा तुकडा घेऊन कात्रीनं असा नेमका गोल कापला की बघत राहावं. मग दोरा गुंडाळून तो खिडकीच्या चौकटीवर घट्ट बसवला.

"आता जिंदगीभर निघत न्हाई," तो म्हणाला. "पण बेटा, घरी गेल्यावर सोडून रातभर साबणाच्या पाण्यात ठिव. जुनी ट्यूब हाय, काळं सुटंल."

"बरं चाचा," मंजुषा म्हणाली. घरी आल्यावर तिनं रबर हलवून बघितलं. पक्कं बसलं होतं. सोडलं आणि पुन्हा तसं बसलंच नाही तर? भिजवायचं तिनं सरळ टाळलं. रात्रीत ती तीनदा उठली आणि तीनही वेळा बोटानं चाचपून आली.

तेलगावच्या मांडवात पाऊल टाकताच नवरीचे वडील गहिनीनाथ तिला बाजूला घेऊन गेले. आवाज हळू करून म्हणाले, "ताई, बाकीचे फोटो कमी-जास्त चालतील. माझा आन माझ्या मोठ्या भावाचा एक फोटो पाहिजे. हसता. हसता म्हंजे हसताच."

मोठे भाऊ आप्पाराव पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते, फेटा बांधून, हात छातीशी घट्ट धरून. त्यांचा रुसवा गावाला पाठ होता. लग्नपत्रिकेत त्यांचं नाव चौथ्या ओळीत छापलं गेलं होतं. छापणाऱ्याची चूक. पण गहिनीनाथांनी ती न बघताच पत्रिका वाटल्या, आणि वाटलेल्या पत्रिका काही परत घेता येत नाहीत. आप्पाराव लग्नाला आले ते पुतणीसाठी. भावाशी ते दोन महिने एक शब्द बोलले नव्हते.

अक्षता पडल्या, हार पडले, मंजुषा मांडवभर नुसती भिरभिरत होती. रबर जागेवर आहे ना, हे दर दोन मिनिटांनी बोटानं बघायचं, त्याच बोटानं घाम पुसायचा, पुन्हा डोळा लावायचा. रबर शहाण्यासारखं जागेवर होतं. हललं नाही की सरकलं नाही. बिघडलं दुसरंच काहीतरी.

लोक हसायला लागले होते. आधी बायकांच्या घोळक्यात खसखस पिकली, मग वाढप्यांत. ती कॅमेरा खाली करून वळली की हसू फुटायचं आणि कॅमेरा डोळ्याला लावला की सगळे तोंडं दाबून गप्प व्हायचे. मंजुषानं ओढणी बघितली, काही चिकटलंय का म्हणून पाठ बघितली, चप्पल बघितली. सगळं ठीक. म्हणजे हे आपल्यालाच हसतात, तिला वाटलं. बाई कॅमेरा घेऊन आली म्हणून हसतात. तिच्या कानशिलांना आग लागली.

शेवटी गहिनीनाथ भावाच्या शेजारी जाऊन उभे राहिले. आप्पाराव उठले खरे, पण दोघांत एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून, तोंड विहिरीकडं करून.

"काका, जरा इकडं बघा," मंजुषा म्हणाली. आप्पाराव हलले नाहीत. "काका, जरा जवळ या." नाहीत. मागं पुन्हा कुणीतरी फिसकन हसलं. उद्याचा सोमवार आणि कॅमेरा गळ्यात घालून निघालेला पप्पू तिला समोर दिसला. तिचा संयम सुटला. कॅमेरा छातीपाशी खाली घेऊन ती भर मांडवात ओरडली, "काका! हसायचं नसलं तर नका हसू, पण तोंड तर दाखवा! मला बघून सगळा मांडव हसतोय, तुमालाच कावून एवढं जड चाललंय?"

आप्पारावांनी वळून बघितलं. बघतच राहिले. मग त्यांच्या मिशा हलल्या, पोट हललं आणि एवढ्या मोठ्यानं ते हसले की फेटा मागं सरकला. तोल सावरायला त्यांनी हात टाकला तो थेट गहिनीनाथांच्या खांद्यावर. "अरे गहिन्या, ही पोरगी बघ की बे!" दोन महिन्यांतलं हे भावाशी पहिलं बोलणं. गहिनीनाथ हसता हसता डोळे पुसायला लागले.

मंजुषाचा राग अजून उतरला नव्हता. कॅमेरा डोळ्याला लावायचंही तिला सुचलं नाही. छातीपाशीच तिचं बोट दाबलं गेलं. एकदा. पुन्हा एकदा.

नवरी प्रियदर्शनीनं तिला जवळ बोलावलं आणि पर्समधला छोटा आरसा समोर धरला. उजव्या डोळ्याभोवती मंजुषाच्या तोंडावर काळंकुट्ट, अगदी गोल कडं उमटलं होतं, आणि त्यातून घामाचे ओघळ गालावर आले होते. वाहेदचाचाचं साबणाचं पाणी तिला आठवलं. तिला हसू आलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी सोमेश्वरांनी कॉम्प्युटरवर एकेक फोटो बघितला. अक्षतांचे ठीक म्हणाले. मग तो फोटो आला. पार वाकडा, मांडवाचा खांब तिरपा, आप्पारावांच्या फेट्याचा शेंडा कापलेला.

"डोळा लावला न्हवता?"

"न्हाई, आण्णा."

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. रात्री मंजुषानं कॅमेरा पुसला, पिशवीत भरला, पुन्हा काढला, पुन्हा भरला. ट्यूबचं रबर तिनं सोडलं नाही.

सोमवारी पप्पू सकाळीच येऊन बसला. चहा संपला, पिशवी त्याच्या पुढ्यात आली, आणि तेवढ्यात दारात आप्पाराव उभे. भावाला न सांगता आले असावेत, कारण पुन्हा पुन्हा मागं बघत होते.

"पोरी, तो आमच्या दोघांचा फोटो हाय ना? मोठा करून पाहिजे. भिंतीवर लावायचाय."

"वाकडा आलाय, काका."

"असू दे. दाखव."

त्यांनी उभ्यानंच बघितला. बोटानं भावाच्या चेहऱ्यावरून काच पुसल्यासारखं केलं. सोमेश्वरांनी तीस वर्षांच्या सवयीनं वही ओढली, पेन घेतला. "खाली नावं घालू का? आधी तुमचं, मंग..."

आप्पारावांनी लगबगीनं हात आडवा धरला. "नावं नको. खाली न्हाई, वर न्हाई. नुसता फोटो ठिव."

सोमेश्वरांनी वही मिटली. मग पप्पूच्या पुढ्यातली पिशवी पायानं आपल्याकडं ओढली आणि त्याच्याकडं न बघताच म्हणाले, "मंजे, उद्या ते नवं रबर येणार हाय ना? आलं की मला दे. मी बसवतो तुझ्या कॅमेऱ्याला."