भुतासाठी दार

आमच्या गेममधल्या भुताला स्वतःच्याच घरातून बाहेर पडायचं असतं. ते पूर्वी कारकून होतं. जेवता जेवता मेलं आणि आता त्याला रस्ता आठवत नाही. खेळ हातात मावणाऱ्या, पुस्तकासारख्या मिटणाऱ्या दोन पडद्यांच्या यंत्रावर चालतो. खेळणाऱ्यानं खालच्या पडद्यावर छोट्या पेननं त्याला हवं ते काढून द्यायचं: शिडी, छत्री, मांजर. शेवटच्या खोलीत दार. चित्र चुकलं की भूत टोमणा मारतं. सगळा खेळ अडीच तासांचा.

गोष्ट आणि टोमणे आमचे दिग्दर्शक शिगेमात्सुसान यांचे. काढलेलं चित्र ओळखणारा भाग माझा. ओसाकातल्या आमच्या कंपनीत आम्ही सहा जण होतो, आणि भौतिकशास्त्र शिकून आलेली मी एकटीच.

सप्टेंबरात शिगेमात्सुसानच्या मेंदूत रक्तस्राव झाला. बोलणं वाचलं, संथ झालं. उजवा हात मात्र खांद्यापासून जड, बोटं आत वळलेली. डिसेंबरात मालक होन्मासान त्यांना भेटून आले आणि ऑफिसात सगळ्यांसमोर म्हणाले की, पेनच्या गेमचा दिग्दर्शक पेन धरू शकत नसेल तर पुढचा गेम त्याच्या हाती कसा द्यायचा. शनिवारी ते पुन्हा जाणार होते. शिगेमात्सुसाननी शेवटची खोली पार करून दाखवली, तर पुढचा गेम त्यांचा. नाही, तर नोकरीही नाही.

त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी इस्पितळात जात होते. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी पेनला स्पंज गुंडाळून ते जाड करून दिलं होतं. डाव्या हातानं सराव करा, असं त्या सांगायच्या. शिगेमात्सुसान ऐकून घ्यायचे आणि पेन उजव्या मुठीत खोचायचे.

त्यांच्या दाराच्या रेषा थरथरत जायच्या, कोपरे जुळायचे नाहीत. माझी मोजणी आकार पाहून शंभरपैकी गुण द्यायची. पास व्हायला सत्तर लागत. त्यांना एकतीस मिळायचे, कधी अडतीस.

"हे दार आहे?" भूत म्हणायचं. "मी मेलोय, आंधळा झालेलो नाही."

टोमणा त्यांचाच होता. ते वाचायचे आणि पुन्हा पेन टेकवायचे.

गुरुवारी मी त्यांच्या यंत्रातला सत्तरचा आकडा काढून शून्य केला, त्यांना न सांगता. शुक्रवारी त्यांनी दार काढलं आणि भूत म्हणालं, "वा, बिजागरीसुद्धा कुरकुरतेय."  त्यांनी खोली पुन्हा सुरू केली आणि पडद्याच्या मधोमध एक ठिपका दिला.

"वा, बिजागरीसुद्धा कुरकुरतेय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मिझोगुची, तुला कामावर घेतलं तेव्हा पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं?"

"दार मागितलं की आधी ठिपका देऊन बघायचा."

"मग?"

"उद्यापुरतं राहू दे ना. मालकांना कळणार नाही."

"मला कळलंय ना." मग ते बराच वेळ शब्द जुळवत राहिले. "ठिपक्याला शिवी पडत नसेल, तर बरोबर दाराचीही गंमत नाही. हात गेला तो गेला. खेळ कशाला मारतेस? आकडा परत घाल."

मी तिथेच बसून सत्तर परत घातला.

शनिवारी होन्मासान संत्र्यांची पेटी घेऊन आले आणि पलंगाशेजारी स्टुलावर बसले. पहिल्या दोन टोमण्यांना ते खळखळून हसले. टोमणे एकूण अकरा होते. बाराव्या दाराला भूत पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. तेव्हा खोलीत कुणीच हसलं नाही. चौदाव्या दारानंतर पेन मुठीतून निसटून पलंगाखाली गेलं. मी वाकून शोधत होते, तेव्हा मालकांचे बूट दाराकडे वळलेले दिसले.

"गेम छान झालाय, शिगेमात्सु," ते म्हणाले. "तब्येत सांभाळ."

सोमवारी पुढचा गेम दुसऱ्याकडे गेला.

यंत्रात प्रत्येक रेघेची नोंद राहते. मंगळवारी मी ती चौदा दारं उघडली. काही विशेष शोधायचं म्हणून नव्हे, ती पुसून टाकणं जमेना म्हणून. नोंदी वेळेच्या क्रमानं चालवून पाहिल्या. चौदाही वेळा आधी डावी उभी रेघ वरून खाली. मग पेन उचलून वरची आडवी, तिथूनच वळून उजवी. शेवटी तळ. जपानी शाळेत पहिलीत 'तोंड' या अर्थाचं चौकोनी चित्राक्षर गिरवून घेतात तो क्रम. एकदाही चुकलेला नव्हता. हात डळमळला होता, पण त्याला कुठून कुठे जायचं ते पक्कं ठाऊक होतं.

क्रम मी सुरुवातीलाच वगळला होता. सगळे तसंच काढतात, तर मोजायचं काय, असा माझा हिशेब होता. तो मोजला तेव्हा चौदाही दारं पास झाली. सर्वांत कमी गुण त्र्याहत्तर होते. ठिपक्याला दोन मिळाले.

मी होन्मासानना आकडे दाखवले. ते नीट वाचून त्यांनी ही सुधारणा गेममध्ये घालायला सांगितलं. बाकीचं ठरून गेलंय, म्हणाले.

बुधवारी मी इस्पितळात जाऊन सगळं सांगितलं. माझी चूकही सांगितली. शिगेमात्सुसाननी मध्ये एकच प्रश्न विचारला, मालकांना दाखवलंस का. मी हो म्हटलं. पुढचं त्यांनी विचारलं नाही.

मी नवी मोजणी यंत्रात घातली आणि पेन त्यांच्या मुठीत खोचून दिलं. त्यांनी काढलेलं दार उघडलं, भूत जेवणाचा वाडगा काखोटीला मारून बाहेर पडलं आणि पडद्यावर गेम बनवणाऱ्यांची नावं वर सरकू लागली. स्वतःचं नाव येण्याआधीच त्यांनी खोली पुन्हा सुरू केली. खूप वेळ लावून, नेम धरून, मधोमध एक ठिपका दिला.

"हे दार आहे? मी मेलोय, आंधळा झालेलो नाही."

त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. "आता ठीक आहे," ते म्हणाले, आणि यंत्र मिटून माझ्या हातात दिलं.