सकाळी मुका, दुपारी बोलका

विनिताताईंचा म्युझिक प्लेअर सकाळी तोंडातून अवाक्षर काढत नसे आणि दुपारी बाराच्या सुमाराला पोपटासारखा बोलू लागे. दुरुस्तीवाला अलिबागहून चौलला पोचायचा तोही नेमका बारालाच. मग काय, खोट्या पडायच्या त्या विनिताताई.

सुयश तिसऱ्यांदा आला तेव्हाही तेच झालं. त्याने चपला काढायच्या आधीच तानपुरा घुमत होता.

"काकू, चालू आहे की."

"आत्ता चालू आहे. सकाळी सातला नव्हता. नेटवर्क सापडत नाही म्हणून सांगत होता."

"तुमच्याकडून भलतंच काहीतरी दाबलं जात असेल," सुयश समजुतीच्या सुरात म्हणाला. हा सूर विनिताताईंच्या ओळखीचा होता. साठी उलटलेल्या बाईशी बोलताना लोक तो कुठूनसा काढतात. "आणि खरं सांगू का, हा दोन हजार बाराचा डबा आहे. कंपनीनेच हात वर केलेत. एक स्मार्ट स्पीकर घ्या. तोंडाने सांगितलं की गातो."

"मला सांगायचं नाहीये. ऐकायचंय," विनिताताई म्हणाल्या, आणि त्याला कोकम सरबत देऊन वाटेला लावलं.

कंपनीने हात वर केले होते हे खरंच. आधी त्या प्लेअरचं ॲप फोनवरून गेलं, मग त्यातली गाणी लावायची सोय बंद झाली. दुसऱ्या कुणी डबा भंगारात दिला असता. विनिताताईंनी शॉर्टहँडची वही काढली, इंटरनेटवर जगभरचे हौशी लोक काय करतात ते महिनाभर उतरवून घेतलं, आणि कपाटातला जुना लॅपटॉप मध्यस्थ म्हणून बसवला. हाय-रेझोल्यूशनची नवी रेकॉर्डिंग्ज एकशे ब्याण्णव किलोहर्ट्झची येत. म्हाताऱ्या प्लेअरला शहाण्णवच्या वरचं पचत नसे. लॅपटॉप इंटरनेटवरून गाणं घेई, ते बेताचं करून केबलमधून पुढे पाठवी, आणि प्लेअर ते असं वाजवी की गवयाने सूर लावण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा ओटीवर ऐकू यावा. या वयात असला फरक कळतो का, असं विचारणारे भेटत. बत्तीस वर्षं अलिबागच्या कोर्टात लघुलेखक म्हणून ज्या कानांवर पोट भरलं, त्यांच्याबद्दल असला प्रश्न त्या ऐकूनच घेत नसत.

खरा घोळ पुढे झाला. सुयशने जाता जाता परेशला, म्हणजे त्यांच्या मुलाला, खारघरला फोन केला. काकूंना आता जमत नाही, फुकट हेलपाटे होतात, असं काहीतरी. संध्याकाळी परेशचा फोन आला.

"आई, मागे गॅसवर दूध विसरलीस. आता हे. तुला आठवत नाही काय दाबलंस ते. तू एकटी राहावीस असं मला नाही वाटत. रविवारी गाडी घेऊन येतो. सामान भरून ठेव. घर बंद करू, वाडी गोदू बघेल."

"दूध सगळ्यांचंच उतू जातं, परेश."

"वाद नको, आई."

त्याने फोन ठेवला. विनिताताईंनी आपला फोन बाकावर आपटला. संतापाने. थोडं भीतीनेही, कारण परेश वाईट मुलगा नव्हता. वाईट असता तर नाही म्हणणं सोपं होतं. काळजीपोटी घर बंद करायला निघालेल्या माणसापुढे कुठलंच बोलणं टिकत नाही. त्याच्यापुढे पुरावाच लागतो.

आणि पुरावा कसा गोळा करायचा हे त्यांना शिकवायला नको होतं. प्लेअर कधी बंद, कधी चालू, हे त्या पहिल्या दिवसापासून टिपत होत्या. शनिवारी सकाळी त्या वही घेऊन पायरीवर बसल्या. अठरा दिवस. सोळा दिवस सकाळी मुका, बाराच्या सुमाराला बोलका. दोन दिवस मात्र सकाळी सातलाच सुरळीत. त्या दोन्ही तारखांपुढे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं : ढगाळ, उकाडा, पांघरूण नको.

म्हणजे थंडी. पण थंडीने यंत्राला काय होतं? दिल्ली-सिमल्यालाही लोक गाणी ऐकतातच की.

शेजारी गोदू उन्हाला बसली होती. वाडीतली सुपारी सोलायला ती वीस वर्षं येत होती. डोक्याला लावायला म्हणून तिने खोबरेलाची बाटली उलटी केली. तेल ढिम्म हललं नाही. पांढरंशुभ्र थिजलं होतं.

"ताई, ही जरा उनात ठेवू का? दुपारपत्तुर पातल व्हईल."

विनिताताई बाटलीकडे बघतच राहिल्या. मग कपाळावर हात मारून घेतला.

समुद्राकाठच्या घरात लोखंड टिकत नाही. खारं वारं कड्या खातं, कुलपं खातं, शिलाई मशीन खातं. म्हणून दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की विनिताताई घरातल्या झाडून सगळ्या धातूला खोबरेलाचा हात देत. त्यांच्या सासूबाई देत, तशाच. या दसऱ्याला प्लेअरच्या पाठीमागे, केबल खुपसायच्या भोकात, बारीक तारा हिरवट पडलेल्या दिसल्या. कोयत्याला लावलं, कुलपाला लावलं, मग यानेच काय घोडं मारलंय? कापसाची वात करून त्यांनी तिथेही चांगलं भरभरून तेल घातलं होतं.

आश्विनात तेल पातळ होतं, काही बिघडलं नाही. पौष लागला आणि ते रात्री थिजू लागलं. त्यात एकदा विजेने टीव्ही जळाल्यापासून रोज झोपताना मेन स्विच बंद करायचा आणि सगळ्या वायरी उपसून ठेवायच्या, हा त्यांचा शिरस्ता. सकाळी केबल घालायच्या ती थेट गोठलेल्या तेलात. तारेला तार भिडणार कशी? दुपारी ऊन चढलं की तेल वितळे आणि मुकं पोर बोलू लागे. त्याच मुहूर्तावर सुयश दारात.

"आता पुसून टाका की," सगळं ऐकून गोदू म्हणाली.

"नाही. परेश येईपर्यंत हात लावायचा नाही. पुरावा जागचा हलवायचा नसतो."

"आन् इचारलं, तेल कुनी घातलं, तर?"

विनिताताईंनी वही मिटली. तेच तर अवघड होतं.

रविवारी आठ वाजता परेश आला. अंगणात अजून गारवा होता. विनिताताईंनी त्याच्या हातात चहा दिला आणि त्याच्याच हाताने केबल घालायला लावली, बटणही त्यालाच दाबायला लावलं. नेटवर्क सापडत नाही.

"मी काही भलतं दाबलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. पण डबाच गेलाय, आई. मी तेच—"

"टॉर्च धर." केबल उपसून त्यांनी प्लेअर फिरवला. भोकात पांढरं लोणी साचल्यासारखं दिसत होतं. शेजारी त्यांनी खोबरेलाची थिजलेली बाटली ठेवली, बाटलीशेजारी वही. परेशने वही वाचली, बाटली हलवून पाहिली, आणि त्याच्या तोंडावर आधी हसू आलं, मग आठी.

"पण यात तेल घातलं कुणी?"

"म्या," पायरीवरून गोदू म्हणाली. सुपारीवरची नजरही तिने उचलली नाही. "पुसता पुसता घातलं, दादा. मला काय ठावं, यात घालू न्हाय ते."

विनिताताईंना क्षणभर फार हलकं वाटलं. नुसतं गप्प राहिलं की काम झालं. परेश गोदूला काही बोलणार नव्हता, घरही वाचलं असतं. पण जन्मभर दुसऱ्यांच्या साक्षी शब्दन् शब्द उतरवून घेतलेल्या बाईला, आपल्याच ओटीवर खोटी साक्ष चालवून घेणं जमेना. आणि गोदूच्या पदराआड लपून वाचवलेल्या घरात त्या उद्यापासून कुठल्या तोंडाने वावरणार होत्या?

"गोदू, तू गप्प बस," त्या म्हणाल्या. "तेल मी घातलं. दसऱ्याला, पूजा झाल्यावर, कापसाच्या वातीने. पितळी वाटीतलं."

परेशने कप खाली ठेवला. "म्हणजे तूच. आई, मी हेच तर म्हणतोय."

"तू हे म्हणत नव्हतास. मला आठवत नाही, असं म्हणत होतास. मला सगळं आठवतं. आठवलं म्हणून तर सापडलं. मी विसरले नाही, मी चुकले." त्यांचा आवाज चढला आणि त्यांनी तो चढू दिला. "गेल्या वर्षी तू डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरलंस. तेव्हा तुझं घर बंद करून तुला कुणी माझ्याकडे आणून ठेवलं का? चुकायचा हक्क काय चाळिशीपर्यंतच असतो?"

परेशने गार झालेला चहा एका घोटात संपवला. गोदू मात्र पदराआड हसली.

विनिताताईंनी स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस काडीला गुंडाळला आणि एकेक तार सावकाश पुसून काढली. स्पिरिट उडेपर्यंत थांबल्या. केबल घातली. पडद्यावर गाण्याचं नाव आलं, खाली शहाण्णवचा आकडा. तानपुरा सुरू झाला. परेश उभ्याउभ्या ऐकत होता, मग बाकावर बसला. पहिला षड्ज लागायच्या आधी त्याने चमकून मागे पाहिलं, कुणी श्वास घेतला म्हणून. मागे कुणी नव्हतं.

अर्ध्या तासाने गाणं संपलं.

"घर बंद करायचं राहू दे," तो खाली बघत म्हणाला. "पण आलोच आहे, तर चार दिवस तरी चल. पोरं वाट बघतायत."

"येते ना. का नाही येणार?"

त्या उठल्या, बॅग काढायला म्हणून परेशही उठला. विनिताताईंनी त्याला हाताने थांबवलं. चष्मा लावला, मोबाईल घेतला आणि पनवेलहून अलिबागला परत येणाऱ्या गुरुवारच्या एसटीचं तिकीट काढलं. सीट एकच, खिडकीची. पैसे गेल्याचा मेसेज आला तो त्यांनी मुलाला मोठ्याने वाचून दाखवला.

"हं," त्या म्हणाल्या, "आता बॅग काढ."