फाटण्यासाठी शिवलेलं शीड

मी शीड बोलतोय. साधंसुधं नव्हे हं, चाच्यांच्या जहाजाचं! कदाचित तुम्ही मला पडद्यावर पाहिलंही असेल. चाच्यांचा सरदार डोलकाठीच्या टोकावर अडकलाय, शत्रूचे शिपाई खालून चढत येताहेत, सुटायला वाट नाही. तेवढ्यात तो सुरा काढतो, माझ्या छातीत खुपसतो आणि मला टराटरा फाडत थेट डेकवर उतरतो. त्या क्षणी सगळं थिएटर किंचाळतं. ते फाटणारं शीड म्हणजे मीच!

खरं तर मी जन्माने चाचा नाही. हॉलिवूडजवळच्या सॅन पेड्रो बंदरात हाल्वर नावाचा नॉर्वेहून आलेला एक शिडं शिवणारा होता. त्याच्या शेडमध्ये मी जन्मलो. जाड सुती कापडाच्या पट्ट्या, मेण लावलेला दोरा आणि हे एवढं दाभण! त्याची मुलगी इंगा समोर बसून टाके घालायची. बाप म्हणायचा, "पोरी, टाका असा घाल की वादळाने हात टेकले पाहिजेत." आणि वादळांनी टेकलेही. लाकूड वाहणाऱ्या गलबतावर मी कितीतरी वर्षं उत्तरेला जाऊन आलो. वारा पोटात भरला की मी असा काही फुगायचो, की कप्तान ओरडायचा, "याचं जेवण झालं, चला!"

पुढे वाफेच्या बोटी आल्या आणि आमचं गलबत धक्क्याला लागलं ते लागलंच. मला घडी घालून एका कोपऱ्यात टाकलं. उंदरांनी माझ्यात संसार थाटले.

मग एके दिवशी हॉलिवूडवाले आले. त्यांना चाच्यांचा सिनेमा काढायचा होता, आणि त्यासाठी हवं होतं म्हातारं गलबत. आमचं नशीबच उघडलं! लाकडाच्या तोफांना काळा रंग लागला, कवटीचा झेंडा चढला. हाल्वर तोवर गेला होता, शेड इंगाच चालवत होती. मी मळकट दिसावा म्हणून तिने मला हौदाएवढ्या भांड्यात कॉफीच्या पाण्यात बुचकळून काढलं, ठिगळं लावली आणि माझा पक्का दरवडेखोर करून टाकला.

सिनेमाचा नायक होता ज्युलियन वेअर. देखणा, गोड बोलणारा, पण शिडीच्या चौथ्या पायरीवर घाम फुटणारा. म्हणून उंचावरची कामं त्याचे कपडे घालून दुसराच करायचा. वेंडेल ट्रास्क. आणि हा वेंडेल होता इंगाचा नवरा!

लग्न होऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. तेवढ्यात त्याने एक बरगडी आणि एक मनगट मोडून घेतलं होतं.

"ही शेवटची उडी," तो म्हणाला.

"मागच्या वेळीही शेवटचीच होती," इंगा म्हणाली.

"ती शेवटून दुसरी."

फाटण्याची युक्ती अशी होती. मला वरपासून खालपर्यंत उभं चिरायचं आणि ती चीर कच्च्या टाक्यांनी परत शिवायची. सुरा लागला की टाके एकेक करून तुटत जाणार आणि माणूस त्यांच्या आधाराने घसरत येणार. टाके फारच कच्चे झाले, तर तो धोंड्यासारखा कोसळणार. पक्के झाले, तर वरच लटकणार. आणि हे टाके घालायचे होते इंगाला.

चित्रीकरणाच्या सकाळी वारा मस्त होता. मी फुगून उभा राहिलो. खाली तलवारी खणखणत होत्या, खोट्या तोफा धूर ओकत होत्या. दिग्दर्शक प्रेस्कॉट कर्ण्यातून ओरडला, "चला, सोडा त्याला!"

वेंडेलने सुरा खुपसला. माझ्या अंगावर काटा आला. टर्रर्र! एक हात, दोन हात, आणि खटकन थांबलं! सुरा अडकला. वेंडेल हवेत पाय झाडत लोंबकळू लागला.

"अरे, तो चाचा आहे की वाळत घातलेली विजार?" प्रेस्कॉट गरजला. सगळे फिदीफिदी हसले. ज्युलियन मात्र हसला नाही. हातातलं पीचचं फळ टाकून तो खुर्चीतून उठला. "दोर टाका आधी! त्याचा हात सुटतोय!"

दोर टाकून वेंडेलला उतरवलं. मलाही डेकवर पसरलं. इंगा दाभण घेऊन माझ्यावर बसली आणि वेंडेल तिच्याशेजारी टेकला. त्यांचं बोलणं फक्त मी ऐकलं.

"दुहेरी टाके घातलेस ना?"

इंगाने मान वर केली नाही. "घातले."

"मुद्दाम?"

"मग काय चुकून? मला वाटलं, वरच अडकशील, हे लोक कंटाळतील आणि उडी रद्द होईल."

"अगं, लटकलो होतो तेव्हा माझा सुरा वाकत होता! तू वाचवायला गेलीस आणि मेलो असतो मी."

इंगाच्या हातातलं दाभण थांबलं. टप्पकन एक थेंब माझ्यावर पडला, खारट, पण समुद्राचा नव्हे.

"नाही म्हण ना त्यांना," ती म्हणाली.

"मी नाही म्हटलं तर दुसरा कुणीतरी चढेल. तू नाही म्हटलंस तर दुसरंच कुणी शिवेल, आणि मी तरीही चढेन. मला तुझ्या हातचे टाके हवेत. नीट शिव. माझं वजन तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे ना! सकाळी सहा पॅनकेक हाणलेस, तेही धरायला हवेत त्यात." ती रडता रडता हसली आणि डोळे पुसून तिने दोरा ओवला.

बापाने तिला न तुटणारा टाका शिकवला होता. आता तिला असा टाका घालायचा होता, जो तुटेल, पण वेळेवर तुटेल. ती एकेक टाका घालून बोटाने ओढून बघत होती, उसवत होती, पुन्हा घालत होती. जेवणाची सुट्टी झाली, लोक सँडविच खाऊन आले, तरी ती शिवतच होती. प्रेस्कॉटने घाई केली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "साहेब, नवरा माझा आहे. थांबा."

मला परत चढवलं. वारा भरला. वेंडेलने खाली पाहिलं, इंगाने वर पाहिलं. आणि सुरा घुसला!

टर्रर्रर्रर्र! काय सांगू तुम्हाला! टाके एकामागून एक तुटत होते, आणि प्रत्येक टाका तुटण्याआधी वेंडेलला क्षणभर पेलत होता. मी दोन्ही बाजूंना पंखांसारखा उघडत गेलो. वारा माझ्यातून शीळ घालत आरपार निघाला. वादळात जे कधी वाटलं नव्हतं ते मला त्या दिवशी वाटलं. फाटावं तर असं! वेंडेल डेकवर मांजरासारखा उतरला आणि तलवार उपसून उभा राहिला. ज्युलियनने सगळ्यांत आधी आपली टोपी हवेत उडवली. इंगा धावत आली, तिने नवऱ्याला मिठी मारली आणि लगेच त्याच्या दंडावर एक सणसणीत चापट ठेवून दिली.

सिनेमा धो धो चालला. भिंतीभिंतीवर ज्युलियनची चित्रं लागली. वेंडेलचं नाव कुठेच नव्हतं, तेव्हा तशी पद्धतच होती. त्याने शब्द पाळला का, म्हणाल तर छे! आणखी दोन उड्या मारल्या, मग गुडघ्यानेच त्याला घरी बसवलं. मला मात्र इंगाने मागून घेतलं, ट्रकवर घालून शेडमध्ये आणलं आणि माझे दोन्ही तुकडे पक्क्या टाक्यांनी जोडले.

बऱ्याच वर्षांनी बंदरातल्या कोळ्यांनी उन्हाळ्याच्या जत्रेत तोच सिनेमा दाखवायचं ठरवलं. पडदा नव्हता. इंगाने मला चुना फासून दोन खांबांमध्ये बांधलं. सूर्य बुडाला, यंत्र घरघरलं आणि माझ्याच अंगावर माझं गलबत चालू लागलं! सिनेमातल्या सगळ्यांच्या नाकावरून माझी शिवण जात होती, पण तक्रार कोण करतो? लोक मासे खाता खाता ओरडत होते.

तो प्रसंग आला. सुरा घुसला आणि मी माझ्यावरच फाटत गेलो! सारा धक्का उभा राहिला. "वा रे ज्युलियन! वा रे पठ्ठ्या!"

तेव्हा पांढऱ्या केसांची इंगा बाकावर चढली. "ज्युलियन कसला! ती पाठ माझ्या नवऱ्याची आहे! हा इथे बसलाय तो! वेंडेल, ऊठ की!"

वेंडेल लाजला, "बस गं" म्हणाला. पण लोक ऐकतात होय? त्याला खांद्यावर घेतलं, आणि यंत्रवाल्याला रीळ मागे फिरवायला लावून तोच प्रसंग पुन्हा पाहिला. यावेळी ते वेंडेलच्या नावाने ओरडले. एवढ्या जोरात, की मी वारा नसताना फुगलो!

आता मी फार विरलोय. दरवर्षी मला बांधताना इंगा एखादं नवं ठिगळ लावते. माझं एवढंच मागणं आहे. असा सिनेमा पाहताना, नायकाचा चेहरा दिसेनासा होऊन नुसती पाठ दिसली ना, की टाळी जरा जास्त जोरात वाजवा!